हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ‘कार्डावर’ करून घेताना

माझ्या वहिनीच्या हृदयाची एक झडप एप्रिल २०२५ मध्ये नागपूरच्या एका रुग्णालयात बदलण्यात आली. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात आहे. घरी साडेपाच एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस, तूर आणि सोयाबीन, आणि खाणारी सात माणसे. ऑपरेशन झाल्यापासून आसपासच्या गावांतले लोक ‘कार्डावर होते का, काय कागद लागतात, खिशातून किती गेले’ असे विचारायला येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदा क्रमाने लिहून ठेवावे, म्हणून हे लिहितो आहे. या सगळ्यातून गेल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की आपल्या देशाने आरोग्यसेवा प्रत्येकाला हक्काने दिली पाहिजे, आणि ती ऑपरेशनच्या टेबलापुरती असता कामा नये. हे मत कसे झाले, ते पुढे येईलच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वेचणी सुरू असताना वहिनीला ओटीत थोडा कापूस जमला तरी धाप लागू लागली. रात्री आडवे झाले की खोकला येई आणि ती भिंतीला टेकून बसून राही. विचारले तर म्हणे, “मले काही झालं नाही भाऊजी, वेचणी सरू द्या.” दादाने बाजाराच्या दिवशी तिला एका खासगी डॉक्टरांकडे नेले. तिथे अशक्तपणा म्हणून सलाईन लावले, गोळ्या दिल्या आणि सहाशे रुपये झाले. पंधरा दिवसांनी पाय सुजू लागले तेव्हा मी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो.

तिथल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग असा प्रश्न विचारला जो तोवर कोणी विचारला नव्हता: “ताई, लहानपणी कधी ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते का?” सुजले होते. वहिनी दहा-अकरा वर्षांची असताना वरोरा तालुक्यातील माहेरी ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले की एका विशिष्ट जंतूमुळे मुलांचा घसा दुखतो, तो वेळेवर बरा केला नाही तर काही मुलांना सांधे सुजवणारा ताप येतो, आणि तोच ताप हृदयाच्या झडपा खराब करून जातो. झडप हळूहळू आकसते, आणि त्रास दिसायला वीस-पंचवीस वर्षे जातात. घशाच्या त्या दुखण्यावर औषध आहे पेनिसिलिन. हे औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि सरकारी यादीतले आहे. पुढे लाखो रुपयांच्या ऑपरेशनची चर्चा करताना हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. वहिनीच्या माहेरी त्या वर्षी एखादी परिचारिका घरापर्यंत पोहोचली असती, तर कदाचित हे लिहायची वेळच आली नसती.

आरोग्य केंद्राने चिठ्ठी देऊन यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. तेथे ईसीजी आणि एक्स-रे त्याच दिवशी झाले, पण हृदयाच्या सोनोग्राफीची, म्हणजे टूडी इकोची, तारीख साधारण तीन आठवड्यांनंतरची मिळाली. वहिनीची अवस्था पाहता तेवढे थांबणे आम्हाला जमले नाही आणि आम्ही वर्ध्याला खासगीत १,८०० रुपये देऊन इको केला. अहवालात डाव्या बाजूची मायट्रल झडप फार अरुंद झालेली आणि सोबत गळत असलेली दिसली. झडप नुसती अरुंद असती तर फुगा टाकून ती उघडता आली असती. गळतीमुळे ती बदलणेच भाग होते. खासगी रुग्णालयाने साडेतीन ते चार लाखांचा अंदाज सांगितला.

त्याच आठवड्यात दादाने घरातला कापूस व्यापाऱ्याला दिला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर नंबर लागून पैसे हातात पडायला वेळ लागतो आणि आजार तेवढा थांबत नाही. व्यापाऱ्याने सात हजारांच्या आतच भाव दिला. उपचारांच्या कोणत्याही पावतीवर हे नुकसान दिसत नाही, म्हणून येथे नोंदवतो.

येथे एक गोष्ट समजून घ्या. योजनेचे संरक्षण रुग्ण दाखल होऊन मंजुरी मिळाल्यावर लागू होते. निदान होईपर्यंतच्या तपासण्या, गाडीभाडे, बुडालेली मजुरी हे सगळे आपले. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क करतात. मात्र त्या निर्णयात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये नव्हती, कारण ती दुसऱ्या खात्याकडे आहेत. रुग्णाला खात्याखात्यांतला हा भेद ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. ज्या तपासण्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतात, त्या आधी तिथे करून घ्याव्यात.

आता शिधापत्रिकेचे. आधी काही ठराविक कार्डधारकांपुरती असलेली ही योजना १ जुलै २०२४ पासून पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, आणि कुटुंबाला वर्षाला मिळणारे दीड लाखांचे संरक्षण केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या बरोबरीने पाच लाखांचे झाले. आमचे कार्ड केशरी आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. परंतु कार्डावर वहिनीचे नावच नव्हते. लग्नाला चौदा वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्या कार्डावर होते, आणि आधार कार्डावर वडिलांचे नाव व आडनाव होते. आमच्या भागातील किती सुना अशा दोन घरांच्या मधे राहिलेल्या आहेत, हे तहसीलच्या पुरवठा शाखेसमोरच्या रांगेत उभे राहिल्यावर कळले.

क्रम असा लागला. आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला. त्यासाठी माहेरच्या कार्डाचा कुटुंबप्रमुख, म्हणजे वहिनीचा भाऊ, सहीसाठी लागला आणि तो हरभऱ्याच्या सोंगणीत अडकलेला होता. मग ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला, त्यावरून आधारमध्ये नावाची दुरुस्ती, आणि ती झाल्यावर आमच्या तहसीलमध्ये नाव वाढवण्याचा अर्ज. आधारची दुरुस्ती होऊन येण्यास दोनेक आठवडे लागले. पुरवठा शाखेतील बाईंनी नीट सांगितले, कुठेही अडवले नाही, पण ऑनलाइन यादीत नाव चढेपर्यंत मार्च उजाडला. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ वहिनीने पाणी कमी करणाऱ्या गोळ्यांवर काढला आणि आम्ही दर काही दिवसांनी मोबाइलवर यादी पाहत राहिलो. घरात सून आली किंवा मूल जन्मले की त्याच वर्षी नाव चढवून घ्या; आजारपणात हे काम अतिशय जड जाते. प्रकृती खरोखरच गंभीर असेल तर कागदांसाठी थांबू नका. तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन दाखल करण्याची सोय योजनेत आहे आणि कागद नंतर देता येतात.

आणखी एक घोटाळा गावोगाव दिसतो. ‘आभा’ कार्ड म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक. त्यावर आपल्या तपासण्यांच्या नोंदी जोडता येतात, पण त्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. उपचारासाठी आयुष्मान कार्ड किंवा शिधापत्रिका आणि फोटो ओळखपत्र लागते. आमच्या शेजारचे काका आभा कार्ड घेऊन मोतीबिंदूसाठी निघाले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने वहिनी आणि आई दोघींचा प्रवास स्वस्तात झाला. रुग्णालय निवडताना ते योजनेशी ‘अंगीकृत’, म्हणजे जोडलेले, आहे का एवढेच विचारून भागत नाही. हृदयशस्त्रक्रियेसाठी अंगीकृत आहे का, हे विचारावे लागते, कारण एकच रुग्णालय हाडांसाठी योजनेत आणि हृदयासाठी योजनेबाहेर असू शकते. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर ही माहिती मिळते.

प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा एक कक्ष असतो आणि तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. आमच्या आरोग्यमित्राने शिधापत्रिका, आधार आणि इकोचा अहवाल घेऊन नोंदणी केली, वहिनीचा अंगठा घेतला, खाटेवर तिचा फोटो काढला आणि रुग्णालयाने मंजुरीसाठी फाईल पाठवली. ती फाईल मंजूर करणारे डॉक्टर दुसरीकडे बसतात; त्यांना शंका आली की ‘क्वेरी’ लागते. आमच्या फाईलला क्वेरी लागली, कारण वर्ध्याच्या इकोमध्ये एक मोजमाप लिहिलेले नव्हते. रुग्णालयाने पुन्हा इको केला आणि तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. आपल्या आधीच्या सगळ्या तपासण्यांच्या मूळ प्रती आणि दोन झेरॉक्स संच जवळ ठेवा. इकोचा नुसता कागद पुरत नाही, त्यातील चित्रेही मागतात.

दाखल होण्याच्या दिवशी पैशांच्या खिडकीवर तपासण्यांसाठी पंधरा हजार रुपये अनामत भरायला सांगण्यात आले आणि घाबरलेल्या दादाने ते भरले. मंजूर उपचारासाठी लाभार्थ्याकडून पैसे घेता येत नाहीत, हे आरोग्यमित्राने दुसऱ्या दिवशी सांगितले. आम्ही पावतीच्या प्रतीसह लेखी अर्ज दिला आणि हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. सुट्टी होण्याच्या आधी ती रक्कम परत मिळाली. ज्यांच्याजवळ भरायला पंधरा हजार नसतात ते त्या खिडकीवरूनच गावी परततात, आणि त्यांची नोंद कुठल्याच तक्रारवहीत होत नाही. हक्काची आरोग्यसेवा आणि योजना यांतला फरक मला त्या खिडकीजवळ समजला. योजनेत पात्रता रुग्णाने सिद्ध करायची असते. हक्कात, त्याला का नाकारले याचे उत्तर व्यवस्थेने द्यायचे असते.

ऑपरेशनच्या आधी दोन कामे झाली, ज्यांची आम्हाला कल्पना नव्हती. एक, दातांची तपासणी. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दंतवैद्याचा दाखला लागतो; वहिनीच्या दोन दाढा काढाव्या लागल्या आणि ऑपरेशन आठवडाभर पुढे गेले. झडपेचे निदान झाले की गावाजवळच दात दाखवून घेतले तर हा आठवडा वाचतो. दुसरे, रक्तदाते. गावातील चार मुले पहाटेच्या गाडीने आली आणि रक्त देऊन संध्याकाळी परतली. त्यांचे ऋण शब्दांत सांगता येणार नाही.

झडप कोणती बसवायची हा निर्णयही आम्हाला विचारून झाला. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते; जनावराच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही, परंतु तरुण वयात ती लवकर खराब होते आणि पुन्हा ऑपरेशन येते. ही गोळी गर्भाला घातक असते, म्हणून पुढे मूल हवे आहे का, हे डॉक्टर आधी विचारतात. वहिनीचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले होते. धातूची झडप ठरली.

ऑपरेशनला पाच तासांहून अधिक वेळ लागला. आई खालच्या मंडपात बसून राहिली आणि मी तिच्याजवळ होतो. आमच्या भोवती गडचिरोली, भंडारा, वाशीम, अगदी मध्य प्रदेशातल्या शिवनी-बालाघाटपर्यंतची माणसे होती. आईने त्या वेळी सेवाग्रामजवळ दिलेल्या माझ्या आत्याच्या गावची गोष्ट काढली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा चालवला होता, ज्यात सुगीला घराघरातून ज्वारी गोळा होई. जास्त जमीन असलेल्याची ज्वारी जास्त, भूमिहीन मजुराची कमी, आणि दवाखान्यात दोघांना सारखाच उपचार. जगभर ज्याला सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणतात, तिचा गाभा हाच आहे: ऐपतीप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच म्हटले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, आणि गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची रचनाही तिनेच मांडली. ब्रिटनने १९४८ मध्ये करांतून चालणारी सेवा सुरू केली. थायलंड काही श्रीमंत देश नव्हता, तरी त्याने २००२ मध्ये भेटीला तीस बाट एवढे शुल्क ठेवून सर्वांना उपचार खुले केले.

ऑपरेशन नीट पार पडले. अतिदक्षता विभागात तीन-चार दिवस, मग सामान्य कक्ष, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला सुट्टी. औषधे, तपासण्या आणि रुग्णाचे जेवण योजनेतून झाले, तो हिशेब रुग्णालयाने आम्हाला दाखवला आणि आमच्याकडून वेगळे पैसे घेतले नाहीत. योजनेमुळे माझी वहिनी आज घरात आहे, हे मी कृतज्ञतेने लिहितो. शेत विकावे लागले नाही. सोबतच्या माणसांचे जेवण, मुक्काम, प्रवास, दाखल होण्याआधीच्या तपासण्या आणि औषधे मिळून पस्तीस हजारांच्या आसपास खिशातून गेले. नागपुरात सोबत्यांच्या मुक्कामासाठी धर्मशाळा आहेत. त्यांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे आधीच करावी. मेच्या उन्हात मंडपात झोपून काढणे वयस्क माणसाला झेपत नाही.

सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा योजनेत होता. झडप मात्र जन्मभराची आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते, आणि रक्त किती पातळ झाले हे पाहण्यासाठी आयएनआर नावाची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला करावी लागते. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते किंवा लकवा येऊ शकतो. वर गेला तर रक्तस्राव होतो. आमच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होत नाही. खासगी प्रयोगशाळेत ३५० रुपये लागतात आणि वहिनीचा मजुरीचा दिवस बुडतो. औषधांना महिन्याला नऊशेच्या आसपास लागतात. जुना ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे आहे. ते आरोग्य केंद्रात कधी मिळते, कधी नसते.

पथ्याबाबत एक सूचना सर्वांना उपयोगी पडेल. मेथी, पालक, अंबाडी अशा पालेभाज्या एकदम बंद करू नयेत आणि एकाच आठवड्यात भरपूरही खाऊ नयेत. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे, कारण त्यावर गोळीचा परिणाम अवलंबून असतो. दुखण्यावर मेडिकलमधून मनाने गोळी घेऊ नये. दात काढायचा असेल तर झडप बसवली आहे हे आधी सांगावे. आम्ही एका वहीत तारीख, आयएनआरचा आकडा आणि गोळीची मात्रा लिहितो. डॉक्टर बदलले तरी वही बोलते.

माझ्या मताला गावातच विरोध आहे आणि तो मी हलका मानत नाही. एक निवृत्त तलाठी म्हणतात की सगळे फुकट केले तर गर्दी वाढेल, डॉक्टर आधीच कमी आहेत आणि पैसा कुठून येणार. डॉक्टर कमी आहेत हे खरे आहे, आणि खेड्यात ते टिकावेत अशी घरे व वेतन दिल्याशिवाय कायदा करून काही होणार नाही. योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात, ही रुग्णालयांची तक्रारही मला खोटी वाटत नाही. परंतु पैसा आजही लोकच देत आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून गेला. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये आजारी माणूस नेमका आजारी असताना, कापूस पडेल भावाने विकून देतो. तोच पैसा धडधाकट असताना, ऐपतीप्रमाणे, करातून घेतला तर देशावर नवे ओझे पडते असे मला वाटत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. तेवढा खर्च झाला आणि त्यातला मोठा भाग आरोग्य केंद्रावर, घसा दुखणाऱ्या मुलावर आणि ऑपरेशन झालेल्या माणसाच्या महिन्याच्या तपासणीवर पडला, तर झडपा बदलण्याची वेळ कमी माणसांवर येईल.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही विषय मांडला. आसपासच्या गावांत झडपेचे ऑपरेशन झालेले आणखी काही रुग्ण असल्याचे आशाताईंनी सांगितले, आणि ग्रामीण रुग्णालयात आयएनआर तपासणी सुरू करावी व आरोग्य केंद्रात पेनिसिलिनचा साठा कायम ठेवावा असा ठराव मंजूर झाला. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या आणि आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, म्हणून ठरावाच्या प्रतीसह दोन वेगळे अर्ज दिले आहेत आणि दोन्हींची पोच घेतली आहे. सगळ्या रुग्णांचे रक्ताचे नमुने ठरलेल्या दिवशी तालुक्याला गोळा करून जिल्ह्याला पाठवता येतील का, याची विचारणा सुरू आहे असे तोंडी कळले. लेखी उत्तर आले नाही तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय पुन्हा घेतला जाईल, आणि त्या वेळी शेजारच्या दोन ग्रामपंचायतीही असाच ठराव करणार आहेत.